पहिल्या जागेवर १ इतक्या वेळा का येतो, आणि ‘आकडे जुळत नाहीत’ म्हणजे नेमकं काय

प्रश्न दोन आहेत, विचारणाऱ्याने ते एका दमात विचारलेत. पहिला: २, ४, ८, १६ अशी दुप्पट करत यादी लिहीत गेलं, तर १ ने सुरू होणाऱ्या संख्या ९ ने सुरू होणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त का निघतात? दुसरा: मामांचा वडाळा ट्रक टर्मिनलजवळ ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. इंटर्नल ऑडिटरने अहवालात ‘रोख खर्चाचे आकडे बेनफर्डच्या नियमाशी (म्हणजे पहिल्या जागेवर कुठला अंक किती वेळा यावा याच्या अपेक्षित प्रमाणाशी) जुळत नाहीत’ असं एक वाक्य टाकलं आणि तेव्हापासून घरात सगळे कॅशिअरकडे संशयाने बघतायत. एवढ्यावरून चोरी सिद्ध होते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही होत. मी सीए आहे, फोर्टात बसून बरीच वर्षं लोकांची व्हाउचरं उपसतोय, आणि ही चाचणी मी जवळपास प्रत्येक मोठ्या कामात लावतो. ती उपयोगी आहे. पण अहवालात ते एकच वाक्य लिहून पुढे काहीच न सांगणं हे ऑडिटरचं अर्धवट काम झालं. का, ते कळायला पहिला प्रश्न मुळापासून सोडवावा लागेल.

२ चे घात लिहा. १, २, ४, ८, मग १६, ३२, ६४, मग १२८, २५६, ५१२, मग १०२४. एक अंक वाढतो तो कधी? आधीची संख्या ५, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होत असेल तेव्हाच. आणि अशा संख्येची दुप्पट १ नेच सुरू होते, तिथे दुसरा पर्याय नाही. १ ने सुरू होणाऱ्या संख्येची दुप्पट केली तर २ किंवा ३ येतो. म्हणजे एकअंकी, दोनअंकी, तीनअंकी अशा प्रत्येक गटात १ ने सुरू होणारा घात नेमका एकच सापडतो. कमी नाही, जास्त नाही. २ चा ९९ वा घात ३० अंकी आहे. त्यामुळे शून्याव्यापासून ९९ व्यापर्यंतच्या शंभर घातांमध्ये १ ने सुरू होणारे बरोबर ३० असणार, एकही संख्या न मोजता. बारावीला लॉग टेबल वापरलं असेल तर २ समोरचा ०.३०१० आठवेल. तो आणि हा ३० टक्के एकच.

९ ची गंमत वेगळी आहे. पहिल्या दहा घातांचे पहिले अंक असे: १, २, ४, ८, १, ३, ६, १, २, ५. पुढच्या दहांचे? हेच. त्यापुढच्या दहांचेही हेच. पहिले चाळीस घात हा क्रम तसाच चालतो, आणि वाटतं की ७ आणि ९ या यादीत कधी येणारच नाहीत. कारण साधं आहे. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे हजारच्या अगदी शेजारी. पण शेजारी, हजार नव्हे. दर दहा पायऱ्यांना २.४ टक्क्यांची वाढ मागे उरते आणि ती साचत जाते: ६४, ६५५३६, ६७१०८८६४, ६८७१९४७६७३६, आणि मग ४६ वा घात ७०३६८७४४१७७६६४. आला ७. तसंच ८, ८१९२, ८३८८६०८ करत करत ५३ वा घात येतो ९००७१९९२५४७४०९९२. तिथे पहिल्यांदा ९ दिसतो. कागद-पेन घेऊन हे एकदा स्वतः करून बघा. सूत्र पाठ करण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

आता सूत्राकडे. लॉग म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते तो आकडा. दुप्पट करणं म्हणजे लॉगमध्ये ०.३०१०३ मिळवणं. संख्येचा पहिला अंक ठरतो तो लॉगच्या अपूर्णांकी भागावरून. पूर्णांकी भाग फक्त संख्या किती अंकी आहे ते सांगतो. समजा तुम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारताय आणि तुमचं प्रत्येक पाऊल बरोबर ०.३०१०३ फेरीचं आहे. २ चा लॉग अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात तो लिहिता येत नाही, त्यामुळे पाऊल पुन्हा आधीच्याच जागी कधीच पडत नाही. शिवाय चालत राहिलात तर कट्ट्याच्या प्रत्येक तुकड्यावर त्याच्या लांबीच्या प्रमाणातच पावलं पडतात. हे वाटायला सोपं आणि सिद्ध करायला अवघड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोल, सिअरपिन्स्की आणि वाइल या तिघा गणितज्ञांनी ते आपापल्या परीने सिद्ध केलं. १ चा तुकडा ० पासून ०.३०१ पर्यंतचा, २ चा ०.३०१ पासून ०.४७७ पर्यंतचा, आणि ९ च्या वाट्याला ०.९५४ ते १ एवढीच पट्टी. कोणत्याही अंकाचा वाटा काढायचा तर १ मध्ये त्या अंकाचा व्यस्त मिळवा आणि त्याचा लॉग घ्या. १ पासून ९ पर्यंत टक्केवारी अशी येते: ३०.१, १७.६, १२.५, ९.७, ७.९, ६.७, ५.८, ५.१, ४.६.

हाच बेनफर्डचा नियम. फिबोनाचीच्या संख्या (१, १, २, ३, ५, ८ अशा, आधीच्या दोघींची बेरीज) तो पाळतात, ३ चे घात पाळतात, फॅक्टोरियलही (१ × २ × ३ × ४ असे गुणाकार) पाळतात. १० चे घात पाळत नाहीत, ते उघड आहे. आणि साधी मोजणीही पाळत नाही. १ ते ९९९९ मध्ये प्रत्येक अंकाला सारखाच वाटा, ११.१ टक्के. तीच यादी १९९९ ला थांबवली तर १ ने सुरू होणाऱ्या संख्या ११११, म्हणजे ५५.६ टक्के. पुढे जात राहिलं की हा वाटा कायम वरखाली झुलत राहतो, एका जागी ठरत नाही. म्हणून कुणी ‘संख्यांमध्ये १ जास्त असतो’ असं मोघम म्हणालं तर त्याला विचारा, कुठल्या संख्यांमध्ये.

खरा मुद्दा गुणाकाराचा आहे. एक लाखाची एफडी ८ टक्के चक्रवाढीने ठेवली तर एकाचे दोन लाख व्हायला ९ वर्षं लागतात. नऊचे दहा लाख व्हायला साधारण एक वर्ष साडेचार महिने. एक ते दहा लाखांचा प्रवास जवळपास ३० वर्षांचा. त्यातली ९ वर्षं पासबुकात पहिला अंक १ दिसतो. तुमचे-माझे डोळे ‘एक लाख वाढले’ असं बेरजेत बघतात, पैसा मात्र टक्क्यांत वाढतो.

दलाल स्ट्रीटवरचं उदाहरण जास्त लक्षात राहील. १९७८-७९ ला १०० धरून मोजलेला सेन्सेक्स जुलै १९९० मध्ये १,००० वर गेला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये १०,००० वर. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याने २०,००० ला हात लावला, २००८ मध्ये आपटला, परत चढला. ३०,००० ला पहिल्यांदा शिवायला मार्च २०१५ उजाडला. मधली पडझडीची काही महिन्यांची घसरण सोडली तर नऊ वर्षं निर्देशांकाचा पहिला अंक १ नाहीतर २. याउलट ५०,००० ते ६०,००० हे अंतर जानेवारी ते सप्टेंबर २०२१ मध्ये कापलं गेलं, आणि ७०,००० ते ८०,००० डिसेंबर २०२३ ते जुलै २०२४ मध्ये. टीव्हीवर प्रत्येक दहा हजाराला सारखेच पेढे वाटतात, पण दहाचे वीस व्हायला बाजार दुप्पट व्हावा लागतो आणि सत्तरचे ऐंशी व्हायला १४ टक्के पुरतात.

इतिहास थोडक्यात. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लिहिलं की लॉगच्या पुस्तकांची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात, म्हणजे लोकांना १ ने सुरू होणाऱ्या संख्यांचे लॉग जास्त वेळा लागतात. दोन पानांचा लेख. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी नद्यांची क्षेत्रफळं, लोकसंख्या, अणुभार अशा वीस प्रकारांतले २०,२२९ आकडे गोळा करून तेच दाखवलं आणि नाव त्यांचं लागलं. पुढे १९६१ मध्ये गणितज्ञ पिंकहॅम यांनी एक फार कामाची गोष्ट दाखवली: पहिल्या अंकाचा असा काही सार्वत्रिक नियम असेल आणि तो एकक बदलल्याने बदलत नसेल, तर तो हाच असू शकतो. रुपयांचे डॉलर करा, किलोमीटरचे मैल करा, वाटे तेच राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मामांच्या डिझेलपाशी ती लागणार आहे. १९९५ मध्ये गणितज्ञ थिओडोर हिल यांनी दाखवलं की वेगवेगळ्या प्रकारच्या वितरणांतून यदृच्छेने उचललेले आकडे एकत्र केले की मिश्रण याच नियमाकडे झुकतं. कंपनीच्या लेजरमध्ये आम्हाला तो दिसतो त्यामागे हे एक कारण.

आता ट्रान्सपोर्ट. मामांच्या वहीतली कुठली रक्कम हा नियम पाळेल असं तुम्हाला वाटतं? भाडं. कारण भाडं म्हणजे वजन गुणिले अंतर गुणिले दर. भिवंडीच्या गोदामापर्यंतची छोटी फेरी काही हजारांत, दिल्लीची लांब पल्ल्याची गाडी लाखाच्या आसपास, अर्ध्या लोडचा माल काही शेकड्यांत. तीन गोष्टींचा गुणाकार, आणि शंभरापासून लाखापर्यंत पसारा. अशा रकमांचा लॉग त्या कट्ट्याच्या अनेक फेऱ्यांवर पसरतो, म्हणून पहिले अंक नियमाच्या जवळ येतात. पसारा हा शब्द अधोरेखित करा. आकडे एकाच दहापटीत अडकलेले असतील तर चाचणी लावण्यातच अर्थ नाही.

ड्रायव्हरचा भत्ता ठरलेला. टोल ठरलेला. ट्रिप अ‍ॅडव्हान्स कॅशिअर पाच हजार, दहा हजार असा गोल देतो, ४,७३० असा कुणी देत नाही. वाराई आणि हमाली, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ठरलेल्या दराने. या रकमा नियम पाळणार नाहीत, पाळूच शकत नाहीत. चोख कारभार असला तरी १ आणि ५ वर टेंगूळ येणारच. रोख खर्चाच्या वहीत नेमका याच रकमांचा भरणा असतो. ऑडिटरने सगळी कॅशबुक एकत्र ओतून चाचणी लावली असेल तर ‘जुळत नाही’ हा निकाल आधीच ठरलेला होता. ही घोडचूक फार दिसते. हीच गोष्ट मतमोजणीच्या आकड्यांची: एका मतदान केंद्रावर हजार-बाराशे मतदार, उमेदवाराची मतं दोनशे ते सातशेच्या पट्ट्यात, आणि मग समाजमाध्यमांवर कुणीतरी बेनफर्डचा तक्ता लावून घोटाळा जाहीर करतं. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीनंतर असे तक्ते रतीब घातल्यासारखे फिरत होते. केंद्रांचे आकारच साधारण सारखे असल्यावर पहिला अंक काय सांगणार?

दुसरी अडचण निकाल वाचण्याची. समजा ५०,००० नोंदींत १ चा वाटा ३०.१ ऐवजी ३१ टक्के आला. संख्याशास्त्रातली काय-वर्ग चाचणी किंवा झेड चाचणी लगेच ओरडते की हा फरक योगायोगाचा नाही, आणि तिचं म्हणणं गणिताने बरोबरही आहे. पण व्यवहारात तो फरक कवडीमोल. तोच ०.९ टक्क्याचा फरक ५०० नोंदींत असता तर चाचणीने ढुंकूनही पाहिलं नसतं. म्हणून मार्क निग्रिनी यांनी, ज्यांनी नव्वदच्या दशकात हा नियम ऑडिटमध्ये रुजवला, नोंदींच्या संख्येवर न हलणारं माप सुचवलं: नऊही अंकांच्या फरकांची चिन्हं सोडून सरासरी. ती ०.६ टक्के-बिंदूंच्या आत असेल तर आकडे नियमाच्या जवळ, १.५ च्या वर गेली तर नाही. मामांच्या अहवालात यातलं कुठलं माप वापरलं आणि किती नोंदींवर, ते विचारा. तीनेकशे नोंदींवर निष्कर्ष काढला असेल तर सोडून द्या. तिथे ९ ने सुरू होणाऱ्या नोंदी जेमतेम चौदा अपेक्षित असतात, तीन इकडच्या तिकडे झाल्या तरी तक्ता वाकडा दिसतो.

मी स्वतः पहिल्या अंकावर फार वेळ घालवत नाही. पहिले दोन अंक बघतो, १० ते ९९, नव्वद खाने. १० चा अपेक्षित वाटा ४.१४ टक्के, ९९ चा ०.४४. नव्वद खान्यांच्या आलेखात कुठे सुळका वर आलाय ते नजरेनेच दिसतं. आणि सुळके बहुतेक वेळा मर्यादेच्या जरा खाली येतात, कारण माणूस मर्यादेला भितो. आयकरात एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च वजावटीला धरत नाहीत. मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांना किंवा भाड्याने देणाऱ्यांना दिलेल्या पैशांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याच्या वहीत मी आधी दोन जागा बघतो: ९७, ९८, ९९ आणि ३४.

समजा ६,००० व्हाउचर आहेत. ३४ ने सुरू होणारी साधारण ७६ अपेक्षित. ९७ ते ९९ ने सुरू होणारी तिन्ही मिळून ७९. प्रत्यक्षात ३४ वर १९० निघाली तर मी ती सगळी गाळून काढतो आणि रकमेप्रमाणे लावतो. त्यात ३४० रुपयांची शंभर व्हाउचरं एका ओळीत आली तर बहुधा कुठल्यातरी नाक्याची पावती किंवा पार्किंग आहे. दर तपासला की सुळका विरघळला, विषय संपला. पण ३४,५००, ३४,८००, ३४,९०० अशा रकमा, बाजारातून भाड्याने घेतलेल्या गाड्यांच्या मालकांच्या नावे, लागोपाठच्या व्हाउचर क्रमांकांवर, एकाच पेनाने आणि एकाच दिवशी लिहिलेल्या दिसल्या तर मी बिल्टीचं, म्हणजे माल गाडीत भरल्याच्या पावत्यांचं, पुस्तक मागवतो. त्या तारखेला ती गाडी भरली होती का, पोचपावती परत आली का, वजनकाट्याची चिठ्ठी आहे का. तिथे जे काही सापडायचं ते सापडतं. बरेचदा सापडतं ते असं: गाडी खरी, माल खरा, भाडं ६९,००० चं, आणि मालकाला रोखच हवे होते म्हणून मुनीमजींनी दोन तुकडे केले. कॅशिअरच्या खिशात दमडीही गेलेली नसते. करात मात्र अडचण होते, कारण मर्यादा व्हाउचरची नाही, त्या माणसाला त्या दिवशी दिलेल्या एकूण रकमेची आहे; एकाच तारखेचे तुकडे पाडून काहीच वाचत नाही.

खोटे आकडे रचणाऱ्याचा स्वभाव पहिल्या अंकात उतरतो हे खरं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात १९९३ चं एक गाजलेलं प्रकरण आहे: सरकारी कोषागारातल्या एका व्यवस्थापकाने २३ बनावट चेक काढले, एकूण १९ लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक ७, ८, ९ ने सुरू होत होते. एक लाख डॉलरच्या आत राहायचं, पण जवळ राहायचं. लोभ आणि भीती दोन्ही एका आकड्यात.

आणि उलटी बाजू, जी अहवालात कुणी लिहीत नाही. समजा पंपावर कुणी साटंलोटं केलंय आणि डिझेलचं प्रत्येक बिल सरसकट दहा टक्क्यांनी फुगवलंय. बेनफर्डच्या चाचणीला यातलं काहीही दिसणार नाही. वर पिंकहॅम यांचं जे सांगितलं ते हेच: सगळ्या रकमा एकाच संख्येने गुणल्या तर वाटे हलत नाहीत. डॉलरचे रुपये केले काय आणि दहा टक्के चढवले काय, नियमाच्या लेखी सारखंच. तसंच काही फेऱ्यांचं भाडं वहीत आणलंच नाही, तरी उरलेल्या रकमा नियम पाळत राहतील. डिझेलची चोरी धरायची तर किलोमीटर आणि लिटर गाडीवार लावा, जीपीएसशी ताडून बघा. तिथे पहिल्या अंकाचा काही उपयोग नाही.

तेव्हा मामांना सांगा, ऑडिटरकडून तीन गोष्टी लेखी मागवा. कॅशबुक खर्चाच्या प्रकाराप्रमाणे वेगळी करून चाचणी लावली होती का, की सगळं एकत्र. पहिल्या दोन अंकांचा नव्वद खान्यांचा तक्ता. आणि ज्या खान्यांवर त्यांचा आक्षेप आहे त्यांतल्या प्रत्येक व्हाउचरचा क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम. टॅलीतून एक्सेलमध्ये काढायला तासाभराचं काम आहे. तुम्ही घरीही करू शकता, फक्त उणे रकमा आणि रद्द नोंदी आधी काढा, दहा रुपयांच्या आतलं सगळं वगळा. यादी हातात आली की ती बिल्टीच्या पुस्तकाशी लावायला कॅशिअरलाच सोबत बसवा. कुठल्या दिवशी कुणी ‘दोन व्हाउचर कर’ म्हणून सांगितलं होतं, ते त्यालाच आठवत असतं.